निश्छिद्र प्रदेश

सरांचा बटाटा गणित विभागात सर्वश्रुत होता. व्याख्यानाच्या आरंभी ते फळ्यासमोर क्षणभर स्तब्ध उभे राहत, मग खडू टेकवून हात न उचलता एक वाकडीतिकडी बंद आकृती काढत, तिच्यात तिरप्या रेघा भरत आणि वर्गाकडे वळून म्हणत, "हा आपला प्रदेश." विद्युत्चुंबकत्वाचे सारे गणित त्या एका बटाट्यात घडे. तो कधी धातूची पोकळी होई, कधी काचेचा गोळा, कधी अवघे अवकाश. मागच्या बाकांवर खसखस पिके आणि सर ती ऐकून न ऐकल्यासारखे करत. शेजारच्या भौतिकी विभागात चुंबक होते, लोखंडाचा कीस होता, तारांची भेंडोळी होती. सरांच्या वर्गात यांतले काहीही नसे. जे डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही, तेही नियमाने अचूक बांधता येते, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेपुढे हसणारी मुलेही थोड्या वेळाने गप्प होत.

त्यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहिणारी शेवटची विद्यार्थिनी म्हणजे धाकटी. घरात दोघी बहिणी. आईवडिलांच्या मागे थोरलीने तिला आपल्या संसारात सामावून घेतले आणि ताईच्या तोंडचे 'धाकटी' हेच नाव तिला कायमचे चिकटले. ताईचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवण्याचे काम करत. मेहुणीची थट्टा हा त्यांचा हक्काचा विरंगुळा होता. ते तिला चुंबकबाई म्हणत आणि घरात चमचा सापडेनासा झाला की आधी तिच्या पिशवीत पाहायला सांगत.

तारुण्यात सरांनी एक उपप्रमेय सिद्ध केले होते. जाणकारांना परिचित असलेल्या एका जुन्या विधानाचे ते व्यापक रूप होते आणि त्याचा आशय सांगायला सोपा होता. चोहोबाजूंनी बंदिस्त अशा प्रदेशात कोठेही विद्युत्प्रवाह नसेल, आणि चुंबकीय क्षेत्राची एकही रेषा भिंत भेदून आतबाहेर करत नसेल, तर त्या प्रदेशात चुंबकीय क्षेत्र असूच शकत नाही; ते सर्वत्र शून्य. सिद्धता एवढी आटोपशीर होती की पोस्टकार्डावर मावावी. सरांनी पुढे पुष्कळ शिकवले, पण नवे असे फारसे लिहिले नाही. दूरदूरच्या विद्यापीठांतले लोक त्यांना ओळखत ते या उपप्रमेयामुळे.

धाकटीचा प्रबंध त्याच पायावर उभा होता. सायकलची ट्यूब फुगवून ठेवावी तशा आकाराच्या कंकणाकृती पात्राचा तिने विचार केला होता. अशा पात्राच्या भिंतीवर काय घडते आणि आत कोणते प्रवाह वाहतात एवढे कळले, की आतले सारे क्षेत्र निश्चित होते, असे तिने सिद्ध केले होते. दोन वेगळी क्षेत्रे निघाली तर त्यांची वजाबाकी करायची. सरांच्या उपप्रमेयाने ती वजाबाकी शून्य ठरते. म्हणजे दोन्ही क्षेत्रे एकच. प्रबंध टंकलिखित होऊन तयार होता. सर निवृत्त होत होते. शेवटच्या दिवशी त्यांचे निरोपाचे व्याख्यान व्हायचे होते, त्यात ते आपले उपप्रमेय आणि त्यातून उगवलेले शिष्येचे प्रमेय एकत्र मांडणार होते. त्यानंतर प्रबंध दाखल होणार होता आणि सर दुसऱ्या शहरी मुलाकडे कायमचे राहायला जाणार होते. त्यांची दृष्टी अधू झाली होती. कडेचे त्यांना दिसे, पण ज्याच्याकडे रोखून पाहावे तेच नेमके धूसर होऊन जाई. म्हणून अलीकडे सारे वाचन धाकटीच्या आवाजात चाले.

व्याख्यानाच्या आदल्या आठवड्यात ती प्रथम वर्षाचा सरावाचा तास घेत होती. उदाहरण अगदी प्राथमिक होते. एका लांब सरळ तारेतून प्रवाह वाहतो आणि तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र गोल गोल फिरते. तारेबाहेर कोणत्याही बिंदूपाशी बारकाईने पाहिले तर तेथे भोवरा नसतो, म्हणजे क्षेत्र त्या बिंदूभोवती गरगरत नसते. तरीही तारेभोवती एक पूर्ण फेरी मारून क्षेत्राची बेरीज केली, तर ती शून्य येत नाही. एका मुलीने शंका विचारली, की कुठेच भोवरा नाही, तर फेरीची बेरीज येते कुठून. ही शंका दर वर्षी कोणीतरी विचारतेच. धाकटीने सवयीने उत्तर दिले, की तार आपल्या प्रदेशात धरलेली नाही; तिच्या जागी प्रदेशाला आरपार भोक आहे, आणि भोकाभोवती मारलेली फेरी आकसून बिंदू होऊ शकत नाही. मुलीच्या चेहऱ्यावर उजेड पडेना. तेव्हा धाकटीने तारेभोवती एक कडे काढले आणि म्हणाली, "समज, तारेभोवती अशी एक ट्यूब ठेवली आहे. ट्यूबच्या आत प्रवाह नाही. क्षेत्राच्या रेषा आतल्या आत गोल फिरतात, भिंतीला कुठेच भेदत नाहीत. आणि तरी आत क्षेत्र—"

वाक्य तेथेच राहिले. खडू फळ्याला टेकलेला होता. मुले लिहून घ्यायला थांबली होती. तिने कसेबसे 'आहे' हा शब्द उच्चारला आणि तास लवकर सोडला.

प्रवाह नाही, भिंत भेदली जात नाही, आणि क्षेत्र शून्य नाही. सरांच्या उपप्रमेयाने जे अशक्य ठरवले, ते तिने स्वतःच्या हाताने प्रथम वर्षाच्या मुलांपुढे काढून दाखवले होते.

चूक कोठे आहे हे शोधायला वेळ लागला नाही. सिद्धतेची दुसरी ओळ होती, 'आता या क्षेत्राचा विभव घेऊ.' डोंगरावरच्या प्रत्येक जागेला जशी एक उंची असते, तसा क्षेत्रातल्या प्रत्येक बिंदूला विभव नावाचा एक आकडा जोडता येतो, असे त्या ओळीने गृहीत धरले होते. बटाट्यात ते खरेच होते. पण ट्यूबमध्ये गोल फिरून यावे, तर जिना चढत जाऊन पुन्हा त्याच पायरीवर पोहोचावे आणि उंची मात्र वाढलेली असावी, तसे घडे. तेथे विभव नव्हताच. सरांनी लिहिताना मनात बटाटा धरला होता आणि 'कोणताही प्रदेश' असे लिहून गेले होते. ज्यांनी ज्यांनी ते उपप्रमेय वापरले त्यांचेही प्रदेश बटाटेच निघाले, म्हणून कोणाचे काही अडले नाही. भोक असलेला प्रदेश त्यात प्रथम आणून बसवला तो धाकटीने. आणि तोही सरांकडून बटाटा शिकलेल्या डोळ्यांनी.

त्या संध्याकाळी तिचे जेवणात लक्ष नव्हते. भाऊजींनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, की चुंबकबाई आज लोखंड सोडून हवेला चिकटल्या आहेत. ती हसली नाही. त्यांनी आणखी एक चिमटा काढून पाहिला, मग ताईकडे पाहून मुकाट्याने ताटात लक्ष घातले.

भांडी आवरताना ताईने तिला बोलते केले. भोक, विभव, जिना, सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की या चुकीने कोणाचा पूल पडणार आहे का, कोणाचा जीव जाणार आहे का. धाकटी नाही म्हणाली. "मग व्याख्यान होऊ दे," ताई म्हणाली. "म्हातारा माणूस आहे. जन्मभर खडूची धूळ खाल्ली. एक दिवस त्याचा असू दे गं. नंतर सांग, पत्राने कळव, काहीही कर."

"आणि माझा प्रबंध?"

"तो तुझा तू बघ. पण त्यांच्या तोंडावर त्यांची पाटी पुसू नकोस."

ताईचे म्हणणे तिच्या मनात रुतून बसले, कारण ते क्रूर नव्हते. सांगितले, तर सरांच्या आयुष्याची एकुलती एक ठेव व्याख्यानाच्या तोंडावर हातातून जाणार आणि तिचाही प्रबंध कोसळणार. न सांगितले, तर विभागातल्या सगळ्यांसमोर सर एक असत्य विधान उच्चारणार आणि त्यात तिचे नाव जोडणार. पडक्या भिंतीवर ती तरी किती काळ बसून राहणार होती? पण रोज सकाळी निश्चय करून ती सरांच्या खोलीच्या दारापर्यंत जाई आणि आत शिरताच अवसान गळून जाई.

एके दुपारी सरांनी तिला व्याख्यान पहिल्यापासून वाचून दाखवायला सांगितले. खोलीतली पुस्तके खोक्यांत भरून झाली होती. भिंतीवर कपाटांच्या जागी फिकट चौकोन उमटले होते. सर खिडकीकडे पाठ करून, डोळे मिटून ऐकत होते. वाचता वाचता ती उपप्रमेयाशी आली. ती थांबली नाही. "कोणत्याही बंदिस्त प्रदेशात," तिने वाचले. सर स्वतःशीच मान डोलावत होते. पुढची ओळ आली, 'विभव घेऊ'; तीही तिने वाचली. संपल्यावर सर म्हणाले, की बटाटा काढताना त्यांचा हात अजून कापत नाही, एवढे पुरे आहे. धाकटी खोलीबाहेर पडली आणि जिन्याच्या कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली. आजवर ती गप्प होती. आज ती बोलली होती आणि ते खोटे होते.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी सरांनी तिला पुन्हा बोलावले. त्यांच्या मनात एक गोष्ट राहिली होती. शेवटी एखादे उदाहरण हवे, प्रथम वर्षाच्या मुलांनाही पेलेल असे.

"सरळ तार घे," ते म्हणाले. "तुझ्या पात्राच्या मधून जाऊ दे. पात्राच्या आत काय येते ते काढ आणि उद्या सकाळी मला सांग."

धाकटी टेबलाची कड धरून उभी होती. "उद्याची गरज नाही, सर. काय येते ते मला माहीत आहे."

"काय येते?"

"शून्य येत नाही."

सरांनी मान वर केली. तिच्या चेहऱ्याकडे रोखून पाहायचे तर तोच त्यांना दिसत नव्हता. म्हणून ते जरा बाजूला पाहू लागले. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि हवेत एक सरळ रेघ काढून तिच्याभोवती सावकाश फिरला. एकदा फिरला, पुन्हा फिरला. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी खुर्च्या ओढत होते.

"दुसरी ओळ," सर म्हणाले.

"हो, सर."

"विभव घेऊ."

त्यांच्या चेहऱ्यावर तिला भीती वाटत होती तसे काही कोसळले नाही. उलट कोणीतरी अवघड गणित घातल्यावर येई तशी एक एकाग्रता तेथे आली आणि मग हळूहळू मावळली.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"गेल्या आठवड्यात, सरावाच्या तासाला लक्षात आलं."

"म्हणजे परवा तू मला हे वाचून दाखवलंस, तेव्हा माहीत होतं."

"हो."

"चूक माझी आहे," सर शांतपणे म्हणाले. "तरुणपणी घाईने लिहिलं, इतकी वर्षं कोणाला दिसलं नाही, त्यात नवल नाही. तुला दिसलं, याचा मला आनंदच व्हायला हवा. पण बाळ, माझे डोळे गेल्यापासून मी तुझ्या डोळ्यांनी वाचतो. ते मला खरं सांगतात, असं मी धरून चाललो होतो."

तिने काही सांगण्याचा प्रयत्न केला, की त्यांचा शेवटचा दिवस नासू नये म्हणून, की ताई म्हणाली म्हणून. सरांनी हात वर करून तिला थांबवले आणि घरी जायला सांगितले. उद्या काय करायचे ते त्यांनी सांगितले नाही आणि तिला विचारवले नाही.

दुसऱ्या दिवशी मोठा वर्ग भरून गेला होता. विभागप्रमुख बाई पहिल्या रांगेत, भौतिकीचे लोक मध्ये, मुले मागे दाटीवाटीने. ताई आणि भाऊजीही आले होते. भाऊजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि ते कधी नव्हे इतके गंभीर होते. धाकटी कडेच्या खुर्चीवर बसली होती.

सर आले, फळ्यासमोर स्तब्ध उभे राहिले आणि हात न उचलता त्यांनी बटाटा काढला. तिरप्या रेघा भरल्या. मागून नेहमीची खसखस ऐकू आली, या वेळी तीत माया होती. "हा आपला प्रदेश," सर म्हणाले. मग त्यांनी उपप्रमेय शब्दशः जसेच्या तसे उच्चारले. 'कोणत्याही' हा शब्दही. धाकटीने डोळे मिटून घेतले. तिला वाटले, त्यांनी ताईचाच मार्ग पत्करला. आणि त्या क्षणी सुटकेची एक झुळूक तिच्या मनाला स्पर्शून गेली, तिची तिला पुढे पुष्कळ दिवस लाज वाटत राहिली.

"सिद्धतेच्या दुसऱ्या ओळीत मी म्हणतो, की विभव घेऊ," सर पुढे म्हणाले. "घेऊ म्हणजे कुठून घेऊ? मला तो दिला कोणी? कोणीच नाही. मी या बटाट्यातून उचलला."

थोडे लोक हसले. सर हसले नाहीत. ते फळ्याकडे वळले, उजव्या हाताचा अंगठा त्यांनी बटाट्याच्या मधोमध टेकवला आणि दाबून फिरवला. तेवढ्या जागेतल्या रेघा पुसल्या गेल्या. काळा, वाटोळा डाग उरला.

"प्रदेशाला असं आरपार भोक असेल, तर माझं उपप्रमेय खोटं आहे. मी ते सर्व प्रदेशांसाठी छापलं आणि आजवर तसंच शिकवलं. माझ्या विद्यार्थिनीला ही चूक सापडली. पुढचं ती सांगेल."

ते खाली येऊन पहिल्या रांगेत बसले आणि अंगठ्याची धूळ बोटावर चोळत राहिले. धाकटी उठली. फळ्यापर्यंतचे अंतर तिला संपता संपेना. तिने तार काढली, तारेभोवती ट्यूब काढली, क्षेत्र काढले. मुलांना सांगितले होते तेच शब्द तिच्या तोंडून आले, या वेळी वाक्य पूर्ण झाले. मग तिने दुरुस्ती मांडली: भिंतीवरची आणि प्रवाहांची माहिती पुरेशी नाही, ट्यूबमधून एक पूर्ण फेरी मारून येणारी बेरीज हा आणखी एक आकडा ठाऊक असावा लागतो. तो दिला की क्षेत्र निश्चित होते.

विभागप्रमुख बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, आणि तो सगळ्यांच्या मनात होता. मग प्रबंधाचे काय?

"पहिला अध्याय राहील," धाकटी म्हणाली. "बाकीचे पुन्हा लिहावे लागतील."

"मार्गदर्शक आजपासून नसतील."

"हो, बाई."

बाईंनी मान हलवली. आता मार्गदर्शक त्याच होणार हे उघड होते, आणि त्यांच्या हाताखाली काम करणे सोपे नसते हे सर्वांना माहीत होते. गौरवाची भाषणे तयार करून आलेल्यांची पंचाईत झाली. एकाने आपला कागद घडी करून पुन्हा खिशात ठेवला. टाळ्या वाजल्या, पण त्या कशासाठी हे वाजवणाऱ्यांना नीटसे उमगले नव्हते. दारापाशी ताईने तिचा हात दाबला, पण नजर दिली नाही. भाऊजी एवढेच म्हणाले, की चुंबकबाई, आम्ही खाली थांबतो, सावकाश या.

सरांच्या खोलीत आता एक टेबल आणि दोन खुर्च्या उरल्या होत्या. सरांनी तिला बसायला सांगितले आणि ज्या नियतकालिकात उपप्रमेय छापून आले होते त्याच्यासाठी दुरुस्तीचा मजकूर सांगायला सुरुवात केली. त्यांचा आवाज कोरडा होता. कालच्या बोलण्याचा त्यांनी उल्लेख केला नाही, क्षमा केली असेही म्हटले नाही. चूक त्यांची, शोध विद्यार्थिनीचा, हे पहिल्याच वाक्यात आले. पुढे आले, की उपप्रमेय निश्छिद्र प्रदेशांसाठीच खरे आहे. प्रदेशाला छिद्रे असतील तर प्रत्येक छिद्रामागे एक आकडा अधिक लागतो.

"आता वाचून दाखव," सर म्हणाले. "आणि या वेळी नुसतं लिहिलं आहे तेवढं वाचू नकोस."

तिने वाचायला घेतले. प्रत्येक शब्दापाशी थबकून, त्याखाली काही पोकळ नाही ना हे चाचपत ती पुढे सरकत होती. शेवटच्या वाक्यापाशी ती थांबली. बोलावे की न बोलावे, हा आठवडाभर तिला ग्रासून राहिलेला प्रश्न पुन्हा समोर उभा होता, आणि समोर तेच वृद्ध गृहस्थ, आधीच पुष्कळ गमावून बसलेले.

"इथे 'प्रत्येक' नको, सर."

"का?"

"आरपार जाणारं छिद्रच मोजायचं. बटाट्याच्या पोटात नुसता बुडबुडा असेल, तर त्याच्याभोवती मारलेली फेरी बाजूने निसटून आकसते. तिथे विभव मिळतो. बुडबुड्याने काही बिघडत नाही." ती क्षणभर घुटमळली. "तुम्ही अंगठ्याने पुसलंत, त्यावरून दोन्ही सारखीच दिसतात. फळ्यावर फरक कळत नाही. आणि म्हणून वरचा 'निश्छिद्र' हा शब्दही चालणार नाही."

सर खुर्चीत मागे रेलले. त्यांचा हात पुन्हा हवेत उचलला गेला. या वेळी त्याने एक गोळा धरला, त्याच्याभोवती एक कडे फिरवले आणि ते कडे गोळ्यावरून हळूच वर सरकवून मिटवले. खिडकीतून खालचा आवाज ऐकू आला. भाऊजी कोणाला तरी सरांच्या खोलीची वाट विचारत होते.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "खोड ते."

तिने दोन्ही शब्द खोडले आणि त्यांच्या जागी 'आरपार छिद्र नसलेल्या' आणि 'प्रत्येक आरपार' असे लिहिले.

"आता पहिल्यापासून वाच."